बाल्कांवावरून दिसलेली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून चित्रांविषयी बोलायचं म्हणजे फोनवरून आमटीची चव सांगण्यासारखं आहे. पण माझी एक सोय आहे. ज्या चित्रांविषयी मी बोलणार आहे ती आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेली आहेत, चित्रकाराचं नाव कदाचित लक्षात नसेल एवढंच. एका पिढीनं ती बालभारतीच्या इंग्रजीच्या पुस्तकांत पाहिली. मुंबईकरांनी कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर पाहिली. आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही, त्यांच्याही घरी गोव्याला जाऊन आलेल्या कुणीतरी दिलेला एखादा मग नाहीतर टाइल निघेल. काळ्या रेघांत काढलेली माणसंच माणसं, मोठ्या डोळ्यांची, लांब नाकांची, आणि त्यांच्या पायांत कुठेतरी एक कुत्रं.

ती चित्रं मारिओ मिरांडाची. मी त्याचा उल्लेख एकवचनात करणार आहे, त्याचा राग मानू नका. मी फोंडा तालुक्यातल्या बोरीचा. मधे जुवारी नदी, आणि पूल ओलांडला की सासष्टीतलं लोटली. ते मारिओचं गाव. आमच्या भागात त्याला कुणी मिरांडासाहेब म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. ओळख म्हणाल तर नव्हती. त्याचं घर मात्र सगळ्यांना ठाऊक. श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’ ज्यांनी पाहिला असेल त्यांनीही ते पाहिलंय, कारण १९८५ सालच्या त्या सिनेमाचं चित्रीकरण त्याच घरात झालं होतं.

मारिओचा जन्म २ मे १९२६ चा, दमणचा. लहानपणी तो घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. आईनं भिंती वाचवण्यासाठी त्याच्या हातात एक कोरी वही दिली, आणि तिथून त्याच्या चित्रमय रोजनिशीला सुरुवात झाली. शाळेत पाद्रीबुवांची चित्रं काढल्याबद्दल ओरडा खाल्ला. मित्रांना हातानं काढलेली पोस्टकार्डं चार पैसे घेऊन विकली. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये इतिहास घेऊन बी.ए. झाला, थोडे दिवस वास्तुशास्त्र शिकला, ते सोडलं, जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी केली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाहीच. पुढं ‘इलस्ट्रेटेड वीकली’, ‘टाइम्स’, ‘फेमिना’, ‘इकॉनॉमिक टाइम्स’. २०११ च्या डिसेंबरात लोटलीच्या घरीच गेला. पद्मश्री आणि पद्मभूषण हयातीत मिळाले, पद्मविभूषण मागाहून.

इतकी माहिती कुठंही मिळेल. मला बोलायचंय ते त्याच्या रेघेबद्दल, कारण त्या रेघेशी माझा धंद्याचा संबंध आहे.

मी आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन. मुंबईत चौतीस वर्षं आर्किटेक्टांच्या कचेऱ्यांत इमारतींचे आराखडे काढले. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं संगणक आलेला नव्हता. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि रॉट्रिंगची शाईची पेनं. सगळ्यात बारीक पेन हातातून पडलं की आतली सुई वाकायची आणि अर्ध्या पगाराची चिंता लागायची. चूक झाली तर खोडरबर उपयोगाचा नाही. दाढीच्या ब्लेडनं कागद हलक्या हातानं खरवडायचा, मग त्या जागी नख घासून तो गुळगुळीत करायचा, नाहीतर दुसऱ्यांदा शाई फुटते. पेन्सिलवाला मनातल्या मनात दोन-तीन वेळा विचार बदलू शकतो. शाईवाल्यानं रेघ ओढली की ओढली.

आणि आमच्या आराखड्यांत माणूस नसायचा. भिंती, दारं, जिने, मोऱ्या, सगळं मापात. दर्शनी बाजूच्या चित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून एखादा माणूस काढायचा, तोही बिनचेहऱ्याचा, हातात ब्रीफकेस देऊन उभा केलेला. त्याच्या शेजारी एक मोटार आणि एक झाड. हजारभर इमारतींसमोर मी तोच माणूस उभा केला असेल. तो कुठं राहायचा, देव जाणे.

आता मारिओची एखादी इमारत डोळ्यांपुढं आणा. एकाच चित्राचं वर्णन नाही करत. दहा-वीस चित्रांतून मनात राहिलेलं एकत्र सांगतो. चार मजली जुनी चाळवजा इमारत. प्रत्येक खिडकी उघडी. एकीत बाई केस विंचरतेय, दुसरीत गंजीफ्रॉकवाला गृहस्थ पेपर वाचतोय, तिसरीतून कुणीतरी खालच्या फेरीवाल्याशी हुज्जत घालतंय. दोरीवर कपडे. कठड्यावर कावळा. गच्चीवर पतंगवाली पोरं. खाली फुटपाथवर टॅक्सी, सायकल, हमाल, छत्रीवाला कारकून, साहेबांच्या थाटात चालणारा कुणी साहेब नसलेला माणूस. कौलं एकेक काढलेली, कठड्याच्या लोखंडी नक्षीचा वेटोळा न् वेटोळा काढलेला. आणि या सगळ्यात एकही माणूस रिकामा उभा नाही. कोपऱ्यातला, अंगठ्याच्या नखाएवढा माणूसही कशात तरी गुंतलेला आहे. त्याला घर आहे आणि कुठंतरी जायचं आहे.

धंद्यातल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. आम्हाला शिकवतात की लांबची वस्तू लहान काढायची. मारिओला हा नियम चांगला ठाऊक होता, वास्तुशास्त्राचा वारा त्याला लागलेला होता. तरी त्याच्या कित्येक गर्दीच्या चित्रांत मागच्या रांगेतला माणूस पुढच्याइतकाच मोठा असतो. माणसं जणू एकमेकांच्या डोक्यावर रचलेली. छायाही तो काळ्या पट्ट्यांनी फारशी देत नाही. बारीक रेघांची जाळी विणतो, म्हणजे अंधारातही माणूस हरवत नाही. हे हौसेनं होत नाही. एवढी गर्दी शाईनं भरायची तर पाठ मोडते. पुढचा मोठा, मागचा ठिपका, असं केलं तर काम निम्म्यावर येतं. त्यानं तसं केलेलं नाही.

असं बघणं त्याला कुठून आलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझं उत्तर बाल्कांव हे आहे.

बाल्कांव म्हणजे काय ते घाटावरच्या श्रोत्यांना सांगायला हवं. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांना पुढच्या दाराशी, पायऱ्या चढल्यावर, छपराखाली एक छोटी मोकळी जागा असते. दोन्ही बाजूंना समोरासमोर सिमेंटची किंवा दगडी बाकं. तोंड रस्त्याकडे. आपल्याकडच्या ओसरीची धाकटी बहीण म्हणा. घरातली म्हातारी माणसं संध्याकाळी तिथं बसतात. पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन जातो, मासेवाली पाटी घेऊन जाते, माडाची सूर काढणारा रेंदेर जातो, पाद्री जातो, दारू चढलेला कुणी वाकडातिकडा जातो. बसलेला माणूस प्रत्येकाला काहीतरी विचारतो. आणि रस्त्यावरचा माणूसही बसलेल्याकडे बघत असतो, हे महत्त्वाचं. बाल्कांवावर बसणं म्हणजे स्वतःलाही बघू देणं. बंद खिडकीच्या फटीतून पाहणारा निराळा आणि हा निराळा.

१९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या मारिओच्या रोजनिशा आता पुस्तकरूपानं छापलेल्या आहेत. त्याच्या चित्रांचं मोठं काम जमवणारे गोव्याचे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी ते केलं. त्या चाळा. तेवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, नोकरीधंद्याचा पत्ता नाही, गावात आणि मुंबईत भटकतोय आणि दिवसाचा हिशेब चित्रात लिहितोय. कुणाचं लग्न, कुणाची मयत, फेस्त, सहल, मित्रांची टवाळी. या सगळ्यांत तो स्वतः असतो, आणि इतरांइतकाच वेंधळा असतो. पुढं वर्तमानपत्रात नाव झालेला मारिओ मला आवडतो. पण रोजनिशीतला त्याहून जास्त. तिथं कुणाला हसवण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

‘टाइम्स’मध्ये त्याचे सहकारी होते आर. के. लक्ष्मण. दोघांची तुलना लोक नेहमी करतात, मीही करतो. लक्ष्मण यांचा हात कुंचल्याचा. दोन-चार जोरकस फटकाऱ्यांत मंत्री उभा. आणि कोपऱ्यात चौकड्यांच्या कोटातला तो एकच सामान्य माणूस, सगळं पाहणारा, काही न बोलणारा. मारिओकडे असा नेमलेला सामान्य माणूस नाही, कारण त्याच्या चित्रात दुसरं कुणीच नाही. मंत्री बंडलदास आहे, सिनेनटी निंबूपाणी आहे, ऑफिसातली मिस फोन्सेका आहे. गोडबोलेसुद्धा आहेत, ते तर आपल्याच आळीतले. राजकीय व्यंगचित्रात त्याचं मन फारसं रमलं नाही. राजकीय व्यंगचित्र दुसऱ्या दिवशी शिळं होतं. ऑफिसात डबा उघडायच्या वेळेची लगबग शिळी होत नाही.

शब्दांवाचून हसवणारं चित्र मराठी माणसाला नवं नाही. शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं पाहत आपण मोठे झालो. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांच्या रेघेत तो नेमकेपणा दिसतो. पण फडणीसांच्या चित्रात एक कल्पना असते, ती उलगडली की आपण हसतो. मारिओच्या मोठ्या चित्रांत विनोद असा एका जागी सापडत नाही. तुम्ही फिरत राहता. शेवटी कळतं की हसण्यासारखं एक काही नव्हतं, आणि तरी इतका वेळ आपण हसऱ्या चेहऱ्यानं बसलो होतो.

इथं एक आडवळण घेतो. गुल्बेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर मारिओ वर्षभर पोर्तुगालला गेला आणि तिथून लंडनला. पाचएक वर्षं मिळेल ते काम करत राहिला. रोनाल्ड सर्ल या इंग्रज चित्रकाराला तो फार मानायचा, आणि त्याच्या रेघेवर सर्लचा ठसा आहे हे कुणीही सांगेल. हा सर्ल प्रसिद्ध झाला तो शाळेतल्या आगाऊ मुलींच्या चित्रांमुळं. पण त्याआधी, १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा तो जपान्यांच्या हाती सापडला होता, आणि सयाम-ब्रह्मदेशच्या रेल्वेवर त्यानं युद्धकैदी म्हणून मजुरी केली. तिथं तो चोरून चित्रं काढायचा. सापडला असता तर जीव गेला असता. कॉलऱ्यानं मरायला टेकलेल्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली ती चित्रं लपवलेली असत, कारण पहारेकरी तिकडे फिरकत नसत. त्यातली सुमारे तीनशे चित्रं आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहेत. शाईच्या हलक्याफुलक्या चित्रांना कुणी ‘गंमत’ म्हणून बाजूला सारलं की मला हे आठवतं.

आता तक्रारीकडे वळतो, कारण ती गोव्यात मी पुष्कळदा ऐकली आहे. म्हणतात, मारिओनं गोवेकराला बदनाम केलं. गोवेकर म्हणजे हातात बाटली, गिटार, मोठं पोट आणि दुपारची झोप. हिंदी सिनेमानं तेच उचललं. सासष्टीतल्या माझ्या एका ज्येष्ठ मित्राला त्या मगांचा इतका राग आहे की भेट म्हणून आलेला मग त्यांनी गॅरेजमध्ये खिळे ठेवायला दिला.

मला त्यांचा राग समजतो, पण तो रागाचा पत्ता चुकलाय. मारिओच्या मूळ चित्रात तो दारुड्या असतो, नाही कशाला म्हणू. पण त्याच्या शेजारी त्याला ओढत घरी नेणारी बायको असते, हिशेब लिहिणारा दुकानदार असतो, चर्चला निघालेली म्हातारी असते, अभ्यास करणारा पोरगा असतो. त्या गर्दीत तो एक दारुड्या आहे. मग बनवणारा काय करतो? कात्री घेतो आणि नेमका त्यालाच कापून काढतो. एकट्या माणसाचं चित्र मगावर छान बसतं, गर्दी बसत नाही. गर्दीतून काढलेला माणूस मग ‘एक माणूस’ राहत नाही, ‘ते लोक’ होतो. आपण महाराष्ट्रातही भैया, मारवाडी, मद्रासी, घाटी असे कितीतरी जण याच कात्रीनं कापून ठेवलेले आहेत.

दुसरी तक्रार माझ्या भाचीची. ती तिशीतली, मुंबईत नोकरी करते. तिला मिस फोन्सेका आवडत नाही. घट्ट कपड्यांतली सेक्रेटरी आणि तिच्याकडे डोळे फाडून पाहणारे साहेब, यात हसायचं काय, असं ती विचारते. मी म्हटलं, हसू त्या साहेबांचं आहे, त्यांचे डोळे बघ. ती म्हणाली, मामा, प्रत्येक वेळी तसं नाहीये. मग आम्ही दोघांनी बसून पुस्तकातली बरीच पानं पाहिली. खरं सांगायचं तर काही चित्रांत हसू साहेबांचं आहे, आणि काहींत चित्रकारही साहेबांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलेला आहे. ती चित्रं जुनी झाली. लग्नाच्या पंगतीतली बायकांची चित्रं, बाजारातली, चर्चच्या पायरीवरची, ती मुळीच झालेली नाहीत. तिथल्या बायका पुरुषांकडे बघतायत, आणि ते बघणं फार दयेचं नाही.

माझीही एक तक्रार आहे, नदीच्या अलीकडच्या माणसाची. आमच्याकडचा गोवा त्याच्या चित्रांत मला कमी भेटतो. देवळाचा सभामंडप, जत्रेतला खाजेवाला, भजनी सप्ताहात पहाटे चारला डुलक्या घेणारा टाळकरी, नाटकाच्या तालमीत नऊवारी नेसून बिडी ओढणारा आमचा नायिकेचा नट. काय केलं असतं त्यानं त्या नटाचं! पण तो त्याच्या बाल्कांवावर बसला होता. तिथून जे दिसलं ते त्यानं काढलं. आमच्या ओसरीवर बसून काढणारा कुणी निघाला नाही, याचा जाब त्याला कसा विचारणार?

आता त्या बाल्कांवांचं काय झालं आहे ते सांगतो. दरवर्षी गावी जातो तेव्हा पूल ओलांडून सासष्टीत एक चक्कर मारतो. बरीच घरं बंद आहेत. मंडळी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली, कुणी आखातात, कुणी कॅनडात. जिथं वाटणीचा वाद आहे तिथं कौलं खाली येतायत. काही घरं बाहेरच्यांनी घेऊन सुंदर दुरुस्त केली आहेत, पण पुढं उंच फाटक आलं आहे. बाल्कांव आत तसंच आहे, रस्ता दिसत नाही. मुंबईतही वेगळं नाही. चाळीची गॅलरी गेली, फ्लॅट आला. ज्या गॅलरीत उभं राहून शेजारणीच्या फोडणीवर शेरा मारता यायचा, तिच्या जागी लिफ्टसमोरचा तीन फुटी बोळ आला. असे कितीतरी बोळ मी स्वतः मापात काढलेत. त्या गॅलऱ्यांत पाणी नव्हतं, संडास सामाईक होते, हेही मला माहीत आहे. परत तिकडे राहायला जा, असं मी कुणाला सांगणार नाही.

निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतल्या मुलांचा मी रविवारी सकाळी चित्रांचा वर्ग घेतो. फी नाही, चहा त्यांच्या घरचा. गेल्या पावसाळ्यात त्यांना मारिओची इमारत दाखवली आणि सांगितलं, आता आपली इमारत अशी काढायची. शाईनं. प्रत्येक खिडकीत कोण आहे आणि काय करतंय, ते हवं. दहा मिनिटांत सगळ्यांनी चौकोन काढले आणि पेनं थांबली. दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे कोण राहतं? कुणालाच माहीत नव्हतं. एका मुलानं तिथं टीव्ही काढला. मी म्हटलं, टीव्ही नाही चालायचा, माणूस पाहिजे.

मग पोरं वह्या घेऊन बेल वाजवत फिरली. पहिल्या दिवशी दोन घरांतून हाकलली गेली, एका घरातून लाडू मिळाले. दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे एक बाई निघाल्या, त्या घरी बसून हार्मोनियम दुरुस्त करतात. अकरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहतो आणि मला वाटायचं, त्यांच्याकडे कुणीतरी फार वाईट पेटी शिकतंय. मुलांनी त्यांना खिडकीत काढलं आहे, पेटीचे स्वर उपसून समोर मांडलेले, चष्मा कपाळावर. चित्र अजून अपुरं आहे. आमच्या विंगेत सोळा फ्लॅट. अकरा खिडक्या भरल्यात, पाच बाकी आहेत. त्यांतल्या दोन घरांना कुलूप असतं, आणि तिथं काय काढायचं यावर मुलांचं भांडण चालू आहे.